शाळेत वायुदलातल्या शौर्यपदक विजेत्याचा स्मृतिफलक लावायचाय? पहिल्या कागदापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत

गावोगावच्या शाळांमधून पोरं वायुदलात गेली, त्यातल्या काहींना वीर चक्र मिळालं, वायुसेना मेडल मिळालं, काही परत आलीच नाहीत, आणि आज त्याच वर्गात बसणाऱ्या मुलांना त्यांचं नावसुद्धा माहीत नसतं. मग कधीतरी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी लिहितं की आपण शाळेत फलक लावूया, सगळे लगेच हो म्हणतात, पैसे पण पटकन जमतात, आणि पुढच्याच आठवड्यात कोणीतरी डीटीपीवाल्याकडे जाऊन आठवेल तसा मजकूर टाइप करून येतो. इथेच थांबा. दगडात कोरलेलं खोडता येत नाही. चुकलेला हुद्दा किंवा चुकलेली तारीख पुढची पन्नास वर्षं भिंतीवर राहते आणि घरचे लोक दरवेळी ती बघून गप्प बसतात. म्हणून या कामातला निम्म्याहून जास्त वेळ कागदावर घालवायचा, दगडवाल्याकडे सगळ्यात शेवटी जायचं. सगळं नीट करायचं तर तीनचार महिने हाताशी ठेवा.

आधी कागद गोळा करा

सुरुवात शाळेपासूनच करायची. शाळेचं जनरल रजिस्टर काढायला सांगा, मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या, कारण ते रजिस्टर असंच कोणाच्या हातात देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. त्यात प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, पूर्ण नाव, जन्मतारीख सगळं असतं. दोन गोष्टी इथे नक्की तपासायच्या. एक म्हणजे नाव, कारण शाळेतलं नाव आणि वायुदलातलं नाव यात फरक असू शकतो, वडिलांचं नाव मधे असतं-नसतं, आडनावाचं स्पेलिंग बदललेलं असतं. दुसरी जन्मतारीख. आपल्याकडे एका पिढीच्या कितीतरी लोकांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लावलेली आहे हे सगळ्यांनाच माहितीये, त्यामुळे रजिस्टरमधली तारीख घरच्यांना विचारल्याशिवाय फलकावर घ्यायची नाही.

मग पदक. इथे ऐकीव माहितीवर अजिबात जाऊ नका. संरक्षण मंत्रालयाची गॅलंट्री अवॉर्ड्स नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे नावाने शोधलं की हुद्दा, पदक, वर्ष आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत सायटेशन म्हणजे मानपत्राचा मजकूरही मिळतो. शौर्यपदकांची अधिसूचना राष्ट्रपती सचिवालयाकडून भारताच्या राजपत्रात छापली जाते, ती प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळं, तिचा नंबर आणि तारीख फाइलमध्ये लिहून ठेवा. अधिकारी कर्तव्यावर असताना गेले असतील तर दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या त्यागचक्राच्या भिंतींवर नाव आहे का ते पण बघा, तिथे नाव, हुद्दा कसा लिहिलाय तो ताडून घ्यायला बरा पडतो. आणि आपल्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय विसरू नका. बहुतेक जिल्ह्यांत ते असतं, तिथले बरेच लोक स्वतः माजी सैनिक असतात, कुटुंबाशी संपर्क कसा करायचा, वायुदलाकडे पत्र कुठे पाठवायचं हे ते आपल्यापेक्षा चांगलं सांगतात. एअर फोर्स असोसिएशनमधले निवृत्त अधिकारी पण मजकूर तपासून द्यायला आनंदाने तयार होतात, मात्र त्यांना कच्चा मजकूर लेखी पाठवा, फोनवर विचारून लिहून घेऊ नका.

कागद का लागतात ते सेखोंच्या उदाहरणावरून बघा

फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों. वायुदलात परमवीर चक्र मिळालेले एकमेव. पंजाबातलं लुधियानाजवळचं इस्सेवाल हे त्यांचं गाव. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या विमानतळावर पाकिस्तानची सहा सेबर विमानं चालून आली, १८ स्क्वाड्रनची, म्हणजे वायुदलाच्या त्या नंबरच्या तुकडीची, छोटी नॅट विमानं तिथे तयारीत होती, आणि बॉम्ब पडत असतानाच सेखोंनी धावपट्टीवरून विमान उचललं. पुढची लढाई काही मिनिटांचीच. त्यांचं विमान पडलं, देह कधीच सापडला नाही.

इतका प्रसिद्ध माणूस, अंदमानातल्या एका बेटाला २०२३ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं, आणि तरी जन्मसाल काही ठिकाणी १९४३ छापलंय तर काही ठिकाणी १९४५. म्हणजे कोणी फलकावर 'वयाच्या २६ व्या वर्षी' असं कोरलं तर दुसरा येऊन २८ म्हणणार. मग वय लिहायचंच कशाला? १७ जुलै हा दिवस आणि १४ डिसेंबर १९७१ ही तारीख यावर कोणाचं दुमत नाही. दुसरं, 'दोन विमानं पाडली' असं बरेच जण बिनधास्त लिहितात, पण मानपत्रात एका विमानावर नेमके मारे केले आणि दुसऱ्याला आग लावली अशा अर्थाचे शब्द आहेत. फलकावर मानपत्राच्या पुढे एक पाऊलही जायचं नाही. शौर्य तेवढ्यानेच पुरेसं मोठं दिसतं, त्यात आपल्याकडून भर घालायची गरज नसते आणि भर घातली की खरं पण खोटं वाटायला लागतं.

उलट बाजूचं उदाहरण स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्यांचं. कर्नाटकातल्या कोडगूचे. ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावरच्या हल्ल्यात मिस्टेअर विमान घेऊन गेले आणि परतले नाहीत, त्यांनी पाकिस्तानच्या कितीतरी वेगवान अशा स्टारफायटर विमानाशी झुंज दिली हे आपल्याकडे बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि महावीर चक्र मिळालं १९८८ ला. त्यामुळे फलकावर '१९६५ साली महावीर चक्र' असं लिहिलं तर ते चूक, पराक्रमाची तारीख वेगळी आणि सन्मानाची वेगळी. आपल्या अधिकाऱ्याचंही असंच असू शकतं, बहुतेक पदकं घटनेनंतरच्या २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला जाहीर होतात. मी तर म्हणेन फलकावर पराक्रमाचीच तारीख घ्या.

हुद्दा आणि पदक कसं लिहायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. वायुदलाचे हुद्दे वेगळे आहेत, लष्कराचे नाही लावायचे. क्रम असा: फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल, एअर चीफ मार्शल. फ्लाइट लेफ्टनंटला नुसतं 'लेफ्टनंट' किंवा ग्रुप कॅप्टनला 'कॅप्टन' लिहिलेले फलक मी बघितलेत, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्या माणसाने तो हुद्दा कमावलेला असतो.

आता प्रश्न येतो की पदक मिळालं तेव्हाचा हुद्दा लिहायचा की शेवटचा. अधिकारी लढताना गेले असतील तर प्रश्नच नाही. पण हृषिकेश मुळगावकरांचं घ्या, मुंबईत जन्मलेले आपले मराठी वैमानिक, १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेसाठी महावीर चक्र मिळालं आणि पुढे १९७६ ते १९७८ वायुदलप्रमुख झाले. किंवा राकेश शर्मा, १९८४ ला अंतराळात गेले तेव्हा स्क्वाड्रन लीडर होते, अशोक चक्र त्यासाठीच मिळालं, निवृत्त झाले विंग कमांडर म्हणून. अशा वेळी वर ठळक अक्षरात शेवटचा हुद्दा आणि खाली मजकुरात 'त्यावेळी स्क्वाड्रन लीडर असताना' असं घ्यायचं. दोन्ही खरे राहतात.

पदकांचं पण तसंच. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही युद्धातली, शत्रूसमोरची. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र ही शत्रूसमोर नसताना दाखवलेल्या शौर्याची. या तीन पदकांना १९६७ पर्यंत अनुक्रमे अशोक चक्र वर्ग १, २, ३ म्हणायचे, त्यामुळे पन्नासच्या दशकातलं पदक असेल तर मूळ नाव काय होतं ते राजपत्रात बघा. वायुसेना मेडल शौर्यासाठीही मिळतं आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही, कशासाठी मिळालं ते अधिसूचनेत असतं, ते विचारल्याशिवाय 'शौर्यपदक' लिहू नका. परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा मेडल ही सेवेची पदकं. एकच पदक दोनदा मिळालं तर त्याला बार म्हणतात, विंग कमांडर जगमोहन नाथांना महावीर चक्र दोनदा मिळालं, १९६२ आणि १९६५, तर ते 'महावीर चक्र आणि बार' असं जातं. मरणोत्तर असेल तर कंसात मरणोत्तर.

'शहीद' शब्दाबद्दल भांडणं होतात म्हणून सांगते, सरकारी कागदात असा कुठला दर्जा नाही, हे केंद्र सरकारने संसदेतही सांगितलेलं आहे. 'वीरमरण आले' किंवा 'कर्तव्य बजावताना प्राण अर्पण केले' हे कोणालाही चालतं.

आणि फलक फक्त गेलेल्यांचाच असतो असं काही नाही. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती लागले आणि ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीतून दोन सहकाऱ्यांसोबत निसटले, अफगाण सरहद्दीच्या जवळ पोचून पकडले गेले, पुढे सुखरूप घरी आले. अशी माणसं आपल्या शाळेची असतील आणि हयात असतील तर त्यांच्या समोरच फलक लावा ना, थांबताय कशाला.

घरच्यांना विचारा, आणि लेखी घ्या

खरं तर हे सगळ्यात आधी करायला पाहिजे, पण थोडे कागद हातात असले की बोलणं सोपं जातं, समोरच्याला कळतं की ही माणसं गंभीर आहेत. फोन करून जायचं, दोघांनीच जायचं, दहाजणांचा घोळका घेऊन जायचं नाही. वीरपत्नी आणि आईवडील दोघंही असतील तर दोघांना वेगवेगळं भेटा. नाव कसं हवं, कुठला फोटो, कुठली तारीख, कार्यक्रमाला कोण येणार, हे सगळं त्यांच्याकडून ऐकून घ्या, आणि शेवटचा मजकूर छापून त्यावर 'मान्य आहे' अशी सही घ्या. कोणाला फलकच नको असेल तर तिथेच थांबायचं. दुःख त्यांचं आहे.

फोटोबद्दल एक महत्त्वाचं. फोटोतला हुद्दा खांद्यावर दिसतो: फ्लाइंग ऑफिसरची एक पट्टी, फ्लाइट लेफ्टनंटच्या दोन, स्क्वाड्रन लीडरच्या दोन आणि मधे एक बारीक, विंग कमांडरच्या तीन, ग्रुप कॅप्टनच्या चार. फलकावर स्क्वाड्रन लीडर आणि फोटोत दोन पट्ट्या, असं झालं की वायुदलातला माणूस लांबूनच ओळखतो. फोटो जुन्या हुद्द्याचा असेल तर चालेल, फक्त खाली वर्ष टाका. पण फोटोशॉपमध्ये पट्टी वाढवणं, छातीवर पदक चिकटवणं, हे कदापि करू नका, स्टुडिओवाला आपणहून 'लावून देऊ का' विचारतो, त्याला स्पष्ट नाही सांगा.

परवानगी

खासगी संस्थेची शाळा असेल तर संस्थेचा ठराव. जिल्हा परिषदेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाला पत्र, आणि गावात ग्रामपंचायतीलाही सांगून ठेवलेलं बरं. इमारत हेरिटेज यादीत असेल तर दर्शनी भिंतीला भोक पाडायच्या आधी महापालिकेत विचारा. ठरावात फलकाची जागा, मजकूर आणि पुढची देखभाल कोणाकडे ही तीन वाक्यं आलीच पाहिजेत. पैसे शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यातून फिरवा आणि पावत्या द्या, कोणा एकाच्या गूगल पे वर जमा करू नका, नंतर कटकट होते.

एक कायद्याची गोष्ट लोकांना माहीत नसते. चार सिंहांची राजमुद्रा कोणालाही कुठेही वापरता येत नाही, त्यासाठी २००५ चा कायदा आहे. वायुदलाच्या मानचिन्हातही राजमुद्रा आहे, म्हणून इंटरनेटवरून चिन्ह उतरवून दगडात कोरायचं नाही. हवंच असेल तर वायुदलाकडे पत्र लिहून विचारा, नाहीतर शाळेचं बोधचिन्ह आणि विमानाची साधी रेखाकृती पुरते. पदकाचं चित्र काढायचं असेल तर पदक नीट बघून काढा, वीर चक्राची फीत अर्धी गडद निळी अर्धी केशरी असते, महावीर चक्राची अर्धी पांढरी अर्धी केशरी, परमवीर चक्राची जांभळी, आणि परमवीर चक्र ब्राँझचं असतं, सोनेरी नव्हे. परमवीर चक्राची रचना करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर, जन्माने युरोपातल्या, लग्नाने मराठी घरात आलेल्या, त्यांनी त्यावर इंद्राचं वज्र चार वेळा घेतलंय. इतका विचार करून केलेली वस्तू आपण धेडगुजरी काढू नये.

मजकूर

पन्नाससाठ शब्द बास. उभं राहून मुलं त्याहून जास्त वाचत नाहीत. क्रम असा ठेवा: नाव आणि हुद्दा, पदक, स्क्वाड्रन, काय केलं ते दोनतीन वाक्यात, शाळेशी नातं, एवढंच. सेखोंवरून नमुना करून बघितला तर असा होतो:

फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों
परमवीर चक्र (मरणोत्तर)
१८ स्क्वाड्रन, भारतीय वायुदल
१४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगर विमानतळावर शत्रूच्या सहा सेबर विमानांनी हल्ला केला. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना त्यांनी नॅट विमान घेऊन उड्डाण केले आणि संख्येने कितीतरी जास्त असलेल्या विमानांशी झुंज दिली. या लढाईत त्यांना वीरमरण आले.

याखाली आपल्या फलकावर शेवटची ओळ येईल ती 'या शाळेचे विद्यार्थी, सन अमुक ते अमुक'. ही ओळ कधीही गाळू नका. बाकी माहिती कुठेही मिळेल, पण तो याच बाकावर बसायचा हे फक्त याच भिंतीवर लिहिता येतं.

विशेषणं काढून टाका. 'थोर', 'महान', 'नरवीर', 'सिंहासारखा', काहीच नको. विमानाचं नाव, जागेचं नाव, तारीख, हे राहू द्या, त्यातूनच मुलं पुढे प्रश्न विचारतात की नॅट म्हणजे काय, सेबर कोणाचं.

आणि आता ज्याच्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात ते. 'यांच्या शुभहस्ते', 'यांच्या प्रमुख उपस्थितीत', 'यांच्या सौजन्याने'. अशी यादी वाढत वाढत अर्धा दगड खाते आणि ज्याच्यासाठी फलक, त्याचं नाव बारीक होतं. माझं मत अगदी ठाम आहे, स्मृतिफलकावर एकच नाव. अनावरणाची तारीख आणि पाहुण्यांची नावं हवीच असतील तर खाली वेगळी छोटी पाटी लावा, देणगीदारांची यादी ऑफिसात फ्रेम करून लावा. हे पैसे गोळा करायच्या आधीच सगळ्यांना सांगा, नंतर सांगितलं तर माणसं दुखावतात.

मराठी शाळेत मराठी वर, इंग्रजी हवी तर खाली लहान. क्यूआर कोड दगडात कोरू नका, वेबसाइट बंद पडली की तो नुसता डाग राहतो, लावायचाच तर बदलता येईल अशा छोट्या पाटीवर बाजूला लावा.

कशावर कोरायचं

काळा ग्रॅनाइट हा बहुतेक शाळांसाठी सगळ्यात सोपा. १८ ते २० मिलिमीटर जाडीचा घ्या, पातळ टाइल नको. दोन फूट बाय दीड फुटाचा तुकडा साधारण पंधरा किलो भरतो, तो भिंतीला नीट पेलतो. अक्षरं सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या जोरदार माऱ्याने, खोल काढून घ्या आणि मग रंग भरा, कारण रंग कधीतरी उडणारच आहे, पण खोली असली की अक्षर वाचता येतं आणि पुन्हा रंग भरता येतो. नुसतं वरवर लेझर केलेलं फोटोला ठीक आहे, मजकुराला नको. संगमरवर उघड्यावर पिवळा पडतो, तो टाळा.

पितळी पाटी आतल्या हॉलमध्ये फार सुंदर दिसते, पण कोणीतरी नियमित पुसणारं हवं. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेत पितळ हिरवं पडतं, साध्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर पण तांबूस ठिपके येतात, तिथे ग्रॅनाइट किंवा ३१६ ग्रेडचं स्टील. स्क्रूसुद्धा त्याच ग्रेडचे मागा, नाहीतर दगड चांगला राहतो आणि चारी कोपऱ्यातून गंजाचे ओघळ येतात.

दोनतीन ठिकाणी कोटेशन घ्या. कोरणावळ बऱ्याचदा अक्षरावर असते, तर जोडाक्षर एक धरणार की दोन, रंग भरणं त्यात आहे का, भोकं आणि बसवणं त्यात आहे का, चूक त्यांची असेल तर दगड बदलून देणार का, हे लिहून घ्या.

प्रूफ, इथे घाई केलीत तर सगळं वाया

देवनागरीची खास अडचण म्हणजे फॉन्ट. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये मजकूर लिहून पाठवता, दगडवाल्याकडे जुनं कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि जुना श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्ट असतो, तो कन्व्हर्ट करतो किंवा परत टाइप करतो आणि 'स्क्वाड्रन' चं स्क्‌वाड्रन होतं, 'अधिकाऱ्या' मधला ऱ्या फुटतो, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, वेलांटी एक घर पुढे सरकते. उपाय एकच, मजकुराची फाइल आपण चांगल्या डिझायनरकडून करून घ्यायची, फॉन्टचं कर्व्हमध्ये रूपांतर करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, पीडीएफ द्यायची, आणि सांगायचं की एकही अक्षर परत टाइप करायचं नाही. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. सहा फुटांवरून वाचायचं असेल तर मजकुराचं अक्षर १५ ते १८ मिलिमीटर उंच, नाव त्याच्या दुप्पट.

मग खऱ्या आकारात कागदावर प्रिंट काढून जिथे फलक लागणार तिथेच भिंतीवर चिकटवा आणि आठवडाभर राहू द्या. मराठीच्या शिक्षकांनी वाचावं, एका निवृत्त वायुदल अधिकाऱ्याने वाचावं, घरच्यांपैकी एकाने वाचावं, आणि पाचवीतल्या एखाद्या मुलाला मोठ्याने वाचायला लावा, तो जिथे अडखळेल तिथे वाक्य सोपं करा. प्रूफ वाचताना आकडे वेगळे वाचायचे, उलटे शेवटून वाचले की चूक सापडते. दगड कापायच्या आधी शेवटच्या प्रिंटवर सही करा आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.

बसवणं

जागा अशी बघा की मुलं रोज तिथून जातात पण चेंडू लागत नाही. पाण्याच्या नळाजवळ नको, पागोळीखाली नको, ओल येणारी भिंत तर नकोच. फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण साडेचार-पावणेपाच फुटांवर, प्राथमिक शाळा असेल तर चार फूट. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर काम काढू नका.

दगडाला भोकं कारखान्यातच पाडून आणा, कडेपासून निदान दीड इंच आत, जागेवर कोरडं ड्रिल मारलं की कोपरा उडतो. विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, धरतात. जांभ्याच्या भिंतीत भोक सैल होतं तिथे केमिकल अँकर, म्हणजे रसायन भरून पक्का केलेला बोल्ट, लागतो, आणि पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत त्यासाठीचेच वेगळे फास्टनर येतात, साधे घातले तर पंधरा किलोचं वजन हळूहळू बाहेर येतं आणि खाली मुलं उभी असतात. नुसत्या चिकटवण्यावर भरवसा ठेवायचा नाही. चार स्टड, मागे थोडा इपॉक्सी, आणि वरच्या कडेला सिलिकॉनची रेघ म्हणजे मागे पाणी जात नाही.

अनावरण

तारीख शक्यतो त्या अधिकाऱ्याची स्वतःची घ्या, पराक्रमाचा दिवस किंवा वाढदिवस. नाहीतर ८ ऑक्टोबरचा वायुदल दिन आहे, ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन आहे. लोकप्रतिनिधींना बोलावणार असाल तर आचारसंहिता लागलेली नाही ना ते बघा. जवळच्या वायुदल केंद्राला, म्हणजे पुण्यात लोहगाव, नागपूर, नाशिकजवळ ओझर, निदान दीडदोन महिने आधी शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, प्रतिनिधी येतील का विचारा.

फलकावर तिरंगा झाकायचा नाही. ध्वजसंहितेत स्पष्ट आहे की राष्ट्रध्वज पुतळ्यावर किंवा स्मारकावर आच्छादन म्हणून वापरता येत नाही, तो शेजारी सन्मानाने फडकू द्या. झाकायला साधा आकाशी कापडाचा पडदा, दोरी आदल्या दिवशी ओढून बघा.

हळदकुंकू, तेल, नारळाचं पाणी थेट दगडावर आणि पितळेवर जाऊ देऊ नका, कुंकू कोरलेल्या अक्षरात बसलं की निघत नाही आणि नारळाचं पाणी सुकून डाग धरतं. खाली पाट मांडून फोटोला हार घाला, पूजा तिथे करा. हारासाठी फलकाला खिळा ठोकू नका, वर भिंतीत एक हुक आधीच लावून ठेवा. पडदा ओढायचा मान वीरमातेला किंवा वीरपत्नीला, आणि मजकूर मोठ्याने वाचायला शाळेतली एखादी मुलगी. भाषणं दोनच ठेवा, त्यातलं एक त्यांच्या वर्गमित्राचं.

नंतर

ग्रॅनाइटला फक्त पाणी आणि मऊ फडकं. शाळेच्या मावशींना आणि शिपाईकाकांना नीट सांगा की अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड इथे वापरायचं नाही. पितळेला ब्रासो हे पॉलिश सतत घासलं तर वरचं लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, जातं आणि अक्षरातला रंगही, म्हणून वर्षातून एकदोनदाच. रंग फिका पडला की परत भरून घ्या.

शेवटचं काम फाइलचं. राजपत्राची प्रत, मानपत्र, घरच्यांची संमती, ठराव, अंतिम पीडीएफ, दगडवाल्याचं बिल, फोटो, सगळं एका फाइलमध्ये शाळेच्या ऑफिसात आणि एक प्रत माजी विद्यार्थी संघाकडे. मुख्याध्यापक बदलतात, इमारत पाडून नवी होते, तेव्हा जुना फलक काढून कुठेतरी अडगळीत जातो. म्हणून ठरावातच एक ओळ घाला की इमारत बदलली तर फलक नव्या इमारतीत दर्शनी भागात परत लावायची जबाबदारी संस्थेची, आणि फाइलच्या पहिल्या पानावर ती ओळ लाल शाईने लिहा.